एकट्या बाईला खोली नाकारू नका : तालुक्याच्या गावांतील लॉजमालकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावांतील लॉज आणि छोट्या हॉटेलांचे मालक, चालक व व्यवस्थापक यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच मागणीसाठी लिहीत आहे. रात्री तुमच्या काउंटरसमोर एखादी स्त्री एकटी येऊन उभी राहिली, तिच्याकडे ओळखपत्र आहे, भाडे आगाऊ भरण्याची तिची तयारी आहे आणि तुमच्याकडे खोली रिकामी आहे, तर ती एकटी आहे एवढ्याच कारणावरून तिला परत पाठवू नका. एवढ्याशा गोष्टीसाठी खुले पत्र लिहावे लागावे याचे वाईट वाटते. पण रात्री दहा वाजता काउंटरवर उभे राहून ही चर्चा होऊ शकत नाही, आणि तिथे बसलेला मुलगा "मालकांचं सांगणं आहे, मॅडम" यापलीकडे काही बोलू शकत नाही. म्हणून मालकांशीच थेट बोलते आहे.

मी सहकारी संस्थांची लेखापरीक्षक आहे. सहकार कायद्याप्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांच्या आत संस्थेचे लेखापरीक्षण पूर्ण व्हावे लागते, त्यामुळे एप्रिल ते जुलै हे आमचे धावपळीचे दिवस असतात. पतसंस्थेचे दप्तर एका दिवसात तपासून होत नाही. रोजकीर्द आणि खतावणी जुळवायची, कर्जरोखे आणि जामीनदारांच्या सह्या पाहायच्या, सोनेतारणाची पाकिटे मोजायची आणि संध्याकाळी तिजोरीतली शिल्लक समोर मोजून घ्यायची, म्हणजे मुक्काम आलाच. ज्या गावांना आम्ही जातो तिथे तारांकित हॉटेल नसते. एसटी स्टँडच्या समोर किंवा बाजारपेठेच्या गल्लीत, खाली मोबाइलचे दुकान किंवा खानावळ आणि वर आठ-दहा खोल्या, असा तुमचा लॉज असतो आणि त्याच्या भरवशावरच माझ्यासारख्यांची नोकरी चालते. खोलीत एसी नाही, टीव्ही लागत नाही, गरम पाणी सकाळी सहा ते आठ एवढेच मिळते, याबद्दल माझी तक्रार नाही. पाच-सातशे रुपयांत जे मिळायला हवे ते बहुतेक ठिकाणी मिळते, आणि तेवढ्या पैशात खोली झाडून-पुसून, चादर बदलून देणे किती जिकिरीचे आहे याची हिशेब तपासणाऱ्या माणसाला कल्पना असते. माझी तक्रार खोलीच्या आत शिरण्याआधीची आहे.

मराठवाड्यातल्या एका गावी मला पोहोचायला उशीर झाला, कारण वाटेत गाडी बंद पडली होती. स्टँडसमोरच्या लॉजवर मी खोली मागितली. काउंटरवरच्या गृहस्थांनी आधी माझ्या मागे पाहिले, मग विचारले, "सोबत कोण आहे?" कोणी नाही म्हटल्यावर त्यांनी उघडलेले रजिस्टर मिटले आणि म्हणाले, "सिंगल लेडीजला आम्ही रूम देत नाही." मी संस्थेचे पत्र दाखवले, माझे ओळखपत्र दाखवले. ते उद्धट नव्हते. उलट अवघडलेलेच होते. शेवटी त्यांनी तोडगा म्हणून सुचवले, "मिस्टरांशी फोनवर बोलायला द्या, मग बघू." माझे यजमान हयात नाहीत, असे मी सांगितले. त्यावर ते क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, "मग मुलाशी बोलायला द्या." माझा मुलगा तेव्हा शिकत होता, त्याच्या कॉलेजची फी, त्याच्या खोलीचे भाडे आणि त्याच्या मेसचे पैसे मी भरत होते. ज्याच्या खोलीचे भाडे मी भरते त्याने आईला एका रात्रीसाठी खोली द्यायला हरकत नाही असे सांगावे, तर मला खोली मिळणार होती. मी फोन लावला नाही. माझ्या मागे उभ्या असलेल्या, खतांच्या कंपनीत कामाला असलेल्या तरुणाला मात्र त्याच काउंटरवर, माझ्यादेखत, एकही प्रश्न न विचारता किल्ली मिळाली. तोही एकटाच होता.

पुढचे फार सांगत नाही. शेजारच्या लॉजवरही तेच उत्तर मिळाले, आणि ती रात्र मी संस्थेच्या एका महिला कर्मचाऱ्याच्या घरी काढली. ज्या संस्थेचे दप्तर मी सकाळी तपासणार होते तिच्याच कर्मचाऱ्याच्या घरी रात्री जेवून झोपणे लेखापरीक्षकाला शोभत नाही. संस्थेचा पाहुणचार घ्यायचा नाही हा आमच्या व्यवसायाचा पहिला शिरस्ता आहे, आणि तो पाळता यावा म्हणून तर मी पदरचे पैसे मोजून लॉजवर उतरते.

माझे वय पन्नाशीच्या पुढे आहे, बोलायची सवय आहे, गावात ओळखीची संस्था होती. जिच्याकडे यातले काहीच नाही तिचे काय होत असेल, याचा विचार तुम्ही करावा म्हणून हे सांगितले. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. तेव्हापासून रोज गाडीत बसणाऱ्या आम्हा बायकांना डोळ्यांनी दिसते की पूर्वी ज्या कामाला घरातला पुरुष जायचा त्या कामाला आता बाई स्वतः निघते. तिला न्यायालयाची तारीख असते, जमिनीच्या मोजणीचे काम असते, नर्सिंगच्या प्रवेशाची फेरी असते, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात दाखल केलेल्या बहिणीला डबा पोहोचवायचा असतो. त्याच वर्षी झालेल्या तलाठी भरतीच्या परीक्षेत अनेक उमेदवारांना घरापासून फार दूरची केंद्रे आली होती. खुल्या प्रवर्गातल्या मुलीने हजार रुपये परीक्षा शुल्क भरले, वर प्रवास केला, आणि सकाळच्या पेपरसाठी आदल्या रात्री त्या गावी पोहोचली. तिला आता खोली हवी आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी आलेले उमेदवार पदपथावर आणि पुलाखाली झोपल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. त्यात मुलगे होते तशा मुलीही असतात, आणि मुलीला पदपथावर झोपणे म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको. तिकीट निम्मे झाले, गाडी मिळाली, मुलगी वेळेवर पोहोचलीसुद्धा. अडते ते तुमच्या काउंटरपाशी.

खोली नाकारण्यामागे तुमची भीती असते, हे मी जाणते. ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्या मालकांशी मी पुढे शांतपणे बोलले, त्यांनी मला प्रामुख्याने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली पोलिसांची. "उद्या काही निघालं तर पोलीस आम्हाला धरतात, लायसन्स जातं," असे ते म्हणतात. हा रोख कशाकडे असतो ते स्पष्ट आहे, आणि एकटी बाई दिसताच त्याच गोष्टीची शंका यावी हे किती अपमानकारक आहे तेही स्पष्ट आहे. तरी कायद्याचेच बोलू. अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा १९५६ सालचा आहे. त्यात हॉटेलचा परवाना तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत निलंबित करण्याची तरतूद खरोखरच आहे. मात्र सार्वजनिक जागा चालवणाऱ्यावर ठपका येतो तो जाणूनबुजून तसा वापर होऊ दिल्याबद्दल. ओळखपत्र पाहून, नोंद करून, पावती देऊन एका प्रवासी महिलेला झोपायला खोली देणारा मालक या व्याख्येत कुठेच बसत नाही. एकट्या स्त्रीला खोली देऊ नये असे सांगणारा कायदा या देशात नाही. जिल्हा प्रशासन आणि पोलीस वेळोवेळी आदेश काढतात ते ओळखपत्र तपासा, नोंदवही ठेवा, कॅमेरे चालू ठेवा अशा स्वरूपाचे असतात. तुम्हाला जर कोणी पोलीस कर्मचारी तोंडी सांगत असेल की एकट्या बाईला उतरवून घेऊ नका, तर त्याला तो आदेश लेखी मागा. लेखी मिळणार नाही, कारण तसा आदेश काढता येत नाही.

दुसरी भीती अधिक गंभीर आहे आणि ती सांगताना मालकांचा आवाज खाली येतो. एकटे माणूस खोली घेते आणि सकाळी दार उघडत नाही. मग पंचनामा, खोलीला सील, महिनोन्महिने चौकीच्या फेऱ्या, आणि गावात लॉजचे नाव खराब. ज्यांनी हे एकदा अनुभवले आहे त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण विचार करा, घरातून रागाने किंवा मार खाऊन निघालेली, खरोखरच टोकाला आलेली बाई तुमच्या दारात आली आणि तुम्ही तिला नाही म्हणालात, तर ती रात्री अकरा वाजता कुठे जाईल? तिला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी देऊन ११२ ला फोन लावला तर पोलिसांची गाडी येते. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मानसिक ताणात असलेल्या माणसासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे. छळातून सुटून आलेल्या स्त्रीला तिथे पाच दिवसांपर्यंत तात्पुरता आसरा मिळू शकतो. हे चार क्रमांक-पत्ते काउंटरमागच्या भिंतीवर, देवाच्या फोटोखाली आणि वायफायच्या पासवर्डशेजारी, मोठ्या अक्षरांत लावायला किती खर्च येईल? आणि ज्या बाईला नुसती झोप हवी आहे, जिला सकाळी आठला परीक्षा द्यायची आहे, तिच्याकडे पाहून आत्महत्येची शंका घेण्याचे तर काहीच कारण नाही.

"आमचा फॅमिली लॉज आहे," हे तिसरे उत्तरही अनेकदा मिळते. फॅमिलीची पाटी चांगल्या हेतूने लावलेली असते, म्हणजे बायकामाणसांना घेऊन निर्धास्त उतरा, असे तिला सांगायचे असते. मग जी बाई त्या पाटीवर विश्वास ठेवून एकटी आत येते, तिलाच ती पाटी दाखवून बाहेर काढणे कसे योग्य ठरते? काही देवस्थानांच्या भक्तनिवासांतही एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत. गाडगेबाबांनी ज्या राज्यात ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या, त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाच्या रुग्णांची आणि त्यांच्या नातलगांची राहण्याची सोय होते, त्या राज्यात देवदर्शनाला एकटी आलेली विधवा बाई खोलीवाचून राहते, हे मी पाहिलेले आहे आणि मला ते सहन होत नाही.

आता माझ्या व्यवसायाच्या नजरेतून एक गोष्ट सांगते, आणि ती तुम्ही विशेष लक्षात घ्यावी अशी माझी विनंती आहे. तुम्ही एकट्या बाईला खोली नाकारता, तेव्हा सगळ्याच बायका परत जात नाहीत. पुष्कळ जणी उत्तर तयार ठेवून येतात. "भाऊ गाडी लावून येतोय," "मिस्टर सकाळच्या गाडीने येणार आहेत," "दोघांचं भाडं घ्या." माझ्या ओळखीच्या औषध कंपनीच्या प्रतिनिधी, विमा सर्वेक्षक, शाळा तपासणीला जाणाऱ्या बाई, या सगळ्यांना हे करावे लागले आहे. मग तुमच्या प्रवासी नोंदवहीत काय लिहिले जाते? नाव, वय, पत्ता, कोठून आले, कोठे जाणार, कामाचे स्वरूप, आणि शेवटी सोबतच्या व्यक्तीचे नाव व नाते. त्या शेवटच्या दोन रकान्यांत असे नाव येते की जो माणूस त्या गावात त्या रात्री नव्हताच. मी आयुष्यभर वह्या तपासल्या आहेत. दप्तरात एक नोंद खोटी सापडली की आम्ही बाकीच्या पानांवरही विश्वास ठेवत नाही. जी वही पोलिसांना दाखवायची म्हणून तुम्ही इतक्या काळजीने ठेवता, तीच वही तुमच्या नियमामुळे खोट्या नोंदींनी भरते, आणि त्या खोट्या नोंदी करायला तुम्ही प्रामाणिक, कष्टाळू बायकांना भाग पाडता. उद्या त्या लॉजमध्ये खरोखर काही घडले आणि पोलिसांनी वही उघडली, तर त्या रात्री इमारतीत किती माणसे होती एवढी साधी गोष्टही त्यांना कळणार नाही. एकटी आहे असे लिहून ती आत आली असती, तर तुमची वही खरी राहिली असती आणि तुम्हीही निर्धोक राहिला असता.

नाव बदलून मुक्काम करावा लागण्याचा या देशात एक इतिहास आहे. अमेरिकेत आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा जातीमुळे त्यांना हिंदू हॉटेलात जागा मिळण्यासारखी नव्हती. एका पारशी सराईत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहाबारा पारशी दारात आले आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. गाडीला वेळ होता तो कामाठी बागेत काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. त्यांनी सोसले ते आणि आम्ही सोसतो ते एकच आहे असा दावा मी मुळीच करणार नाही; जातीच्या बहिष्काराची तुलना कशाशीही होऊ शकत नाही. पण त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने ज्या संविधानाचा मसुदा तयार केला, त्याच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात हॉटेलांचा उल्लेख नाव घेऊन आला आहे, हे आपण विसरू नये. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत मज्जाव करता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली, तेव्हा दुकान म्हणजे नेमके काय असे विचारले गेले होते, आणि आंबेडकरांनी त्याचा अर्थ व्यापक घ्यायचा आहे, सेवा देऊ करणारे सारे त्यात येतात, असा खुलासा केला होता. त्या यादीत जातीच्या जोडीने लिंगही आहे. तुम्ही म्हणाल, आम्ही बाई म्हणून नाकारत नाही, एकटी म्हणून नाकारतो. मग त्या रात्री खतांच्या कंपनीतल्या त्या तरुणाला खोली कशी मिळाली? दोघेही एकटे, दोघांकडेही ओळखपत्र, दोघांच्याही हातात पैसे. उरला तो फरक एकच.

नोंदवहीचाच विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. खोली मिळाल्यावरही ज्या कारणाने बाईला रात्रभर धड झोप लागत नाही, ते कारण बहुतेक वेळा काउंटरवर उघडे पडलेले असते. वही सर्वांसमोर उघडी असते, त्यात माझे नाव, माझा मोबाइल क्रमांक आणि खोली क्रमांक एका ओळीत लिहिलेला असतो, आणि माझ्यानंतर येणारा प्रत्येक ग्राहक आपली नोंद करताना वरची ओळ वाचतो. माझ्या एका तरुण सहकारी मुलीला अशाच एका मुक्कामात रात्री साडेअकराला अनोळखी क्रमांकावरून संदेश आला, "झोपलात का?" तो क्रमांक त्याच मजल्यावरच्या माणसाचा निघाला. तिने उरलेली रात्र दाराला खुर्ची लावून काढली. हे टाळायला पैसे लागत नाहीत. वरच्या ओळी झाकणारा एक पुठ्ठा वहीवर ठेवला, किंवा नोंद तुमच्या माणसाने स्वतः केली आणि प्रवाशाने फक्त सही केली, तरी पुरे. आधार कार्डाचा फोटो काउंटरवरचा मुलगा स्वतःच्या मोबाइलमध्ये काढून घेतो, ही पद्धत तर आजच बंद करा. ज्यात फक्त शेवटचे चार अंक दिसतात असे मास्क केलेले आधार कार्ड चालते, मतदार ओळखपत्र चालते, वाहन परवाना चालतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये झाला आहे. ग्राहकाचा फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे आणि तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर त्याचे काय होते, हा प्रश्न उद्या तुम्हाला विचारला जाईल.

सुरक्षिततेच्या नावाखाली होणारी एक गोष्ट मात्र अतिशय धोक्याची आहे, म्हणून तिच्याबद्दल बोलते. "लेडीज उतरल्यात म्हणून शटर लावून घेतो," असे सांगून काही ठिकाणी रात्री खालचे शटर कुलूप घालून बंद करतात आणि किल्ली ज्या मुलाच्या खिशात असते तो गच्चीवर झोपलेला असतो. १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या करोलबागेतल्या एका हॉटेलला आग लागून १७ माणसे दगावली. एप्रिल २०२५ मध्ये कोलकात्याच्या बडाबाजार भागातल्या हॉटेलात १४ जण गेले. आगीत माणूस बहुधा धुराने गुदमरून मरतो, आणि त्याला बाहेर पडायला मिनिटेच मिळतात. शटर लावा, पण आतून कुलूप न घालता. आणि महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत द्यायचे प्रमाणपत्र खरोखर तपासणी करून द्या. आम्हाला कोंडून ठेवलेली सुरक्षितता नको आहे. आम्हाला आतून नीट लागणारी कडी हवी आहे.

कडीबद्दल मी मुद्दाम लिहिते, कारण पुरुष प्रवासी तिच्याकडे लक्ष देत नसावेत. खोलीत गेल्यावर बाई पहिल्यांदा दाराची कडी पाहते. बऱ्याच ठिकाणी वरची कडी चौकटीच्या भोकात बसतच नाही, कारण पावसाळ्यात दार फुगून खाली उतरलेले असते. खालचा बोल्ट रंगाच्या थरांखाली अडकलेला असतो. आणि मधल्या कुलपाची दुसरी किल्ली काउंटरवर खिळ्याला टांगलेली असते. एका सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे हे. त्याच्याबरोबर न्हाणीघराच्या खिडकीची फुटलेली काच बदला. आणि रात्री दहानंतर पाणी, चहा किंवा राहिलेली सही अशा कोणत्याही कारणासाठी कोणी दार ठोठावणार नाही, गरज पडल्यास खोलीतल्या फोनवर किंवा मोबाइलवर बोलले जाईल, असा नियम तुमच्या माणसांना घालून द्या.

हे सगळे जमते, याचा अनुभव मी घेतला आहे. विदर्भातल्या एका गावी स्टँडच्या मागच्या बाजूला एक जुना लॉज आहे. तिथे संध्याकाळनंतर काउंटरवर मालकांच्या आई बसतात. त्यांनी माझे ओळखपत्र पाहिले, नाव वाचून दाखवले, मोबाइल क्रमांक वहीत न लिहिता वेगळ्या कागदावर घेऊन खणात ठेवला, आणि विचारले ते एवढेच, "जेवण झालंय का? नाही तर समोरची खानावळ साडेदहाला बंद होते." खोली त्यांनी पहिल्या मजल्यावरची, जिन्याजवळची दिली, कोपऱ्यातली दिली नाही. दाराची कडी त्यांनी स्वतः लावून दाखवली. भिंतीला ओल होती, पंखा आवाज करत होता, आणि तरीही मी तिथे शांत झोपले. पहाटे साडेपाचला गरम पाण्याची बादली दाराबाहेर ठेवलेली होती. त्या लॉजचे भाडे शेजारच्यापेक्षा शंभर रुपयांनी जास्त आहे, आणि त्या भागात काम निघाले की आमच्या कार्यालयातल्या साऱ्या बायका तिथेच उतरतात. हा धंद्याचा हिशेब मी तुम्हाला सांगायची गरज नाही. बायकांमध्ये अशी माहिती तोंडोतोंडी पसरते. कोणत्या गावात कुठे उतरायचे आणि कुठे उतरायचे नाही, हे आम्ही एकमेकींना सांगत असतो.

शासनाने यात हात झटकू नयेत, हेही इथेच लिहिते. २०२० च्या अखेरीस राज्य शासनाने आदरातिथ्य क्षेत्राला उद्योगाचा दर्जा दिला. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जुलै २०२२ पर्यंत जीएसटी नव्हता, तेव्हापासून तो लागू आहे. आधी बारा टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून पाच टक्के झाला. गरीब प्रवाशाच्या खोलीवर कर घेणाऱ्या शासनाने ती खोली त्या प्रवाशाला नाकारली जाणार नाही, याची हमीही घ्यायला हवी. इंग्रजांच्या काळात, १८६७ च्या सराय कायद्यातसुद्धा दरपत्रक प्रवाशांना दिसेल असे लावण्याचे बंधन सराईवाल्यावर घातले होते. आज प्रत्येक जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांनी एका पानाचे परिपत्रक काढावे : ओळखपत्र असलेल्या एकट्या महिलेस खोली देण्यास कोणतीही मनाई नाही, आणि तशी खोली दिली म्हणून कोणत्याही लॉजचालकाला त्रास दिला जाणार नाही. पर्यटन विभागाने नोंदणीकृत लॉजच्या अटींत ही एक अट घालावी. यामुळे तुमची भीतीही कमी होईल, आणि काउंटरवरच्या मुलालाही नाही म्हणण्यासाठी पोलिसांचे नाव पुढे करता येणार नाही.

तुमच्या तालुक्यात लॉजचालकांची संघटना असेल, तर तिच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि ठराव करा. संघटना नसेल, तर तुमच्या एकट्याच्या लॉजपासून सुरुवात करा. दरपत्रकाच्या पाटीखाली एक ओळ रंगवून घ्या : "एकट्या प्रवासी महिलांना खोली मिळेल." रात्रपाळीच्या मुलाला ती ओळ वाचून दाखवा, आणि त्याला स्पष्ट सांगा की ओळखपत्र पाहून नोंद केली की त्याचे काम संपते, नवऱ्याला किंवा मुलाला फोन लावायला सांगायचे नाही. तुम्ही अशी पाटी लावली तर मला कळवा; एप्रिलमध्ये आमचे दौरे सुरू होण्याआधी मी ती नावे माझ्या ओळखीच्या सगळ्या लेखापरीक्षक, परिचारिका, शिक्षिका आणि परीक्षा देणाऱ्या मुलींपर्यंत पोहोचवीन.

आपली,
सहकारी संस्थांची एक लेखापरीक्षक